ग्रीन कार्डची मुलाखत पाच आठवड्यांवर: प्रश्नांची यादी ठेवा, आधी स्वतःचा अर्ज वाचा

प्रश्न थोडक्यात असा होता: "मी मूळची नाशिकची, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत काम करते. नवरा अमेरिकन नागरिक, इथेच वाढलेला. स्थळ घरच्यांनी सुचवलं. दीड वर्षापूर्वी सप्टेंबरमध्ये इथे सिव्हिल मॅरेज केलं आणि फेब्रुवारीत नाशिकला रीतसर लग्न. नवरा कामासाठी सोमवार ते गुरुवार बॉस्टनला असतो. घराची लीज त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. लग्नाआधीचे एकत्र फोटो जेमतेम चार. पाच आठवड्यांनी नेवार्कला मुलाखत आहे. इंटरनेटवरून दीडशे प्रश्न काढलेत, रोज रात्री एकमेकांची उजळणी घेतो आणि रोज कुणीतरी चुकतं. आता झोप लागत नाही. काय करू?"

ताई, ती दीडशे प्रश्नांची यादी आजच बाजूला ठेवा. बावीस वर्षं मी ही कामं करते आहे. खऱ्या नवराबायकोची मुलाखत बिघडलेली मी पाहिली आहे, पण उशीच्या अभ्र्याचा रंग आठवला नाही म्हणून बिघडलेली एकही आठवत नाही. बिघडते ती अर्जात एक लिहिलेलं असतं आणि तोंडातून दुसरं येतं तेव्हा. पाठ केलेली उत्तरं तर टेबलापलीकडच्या माणसाला लगेच कळतात. दोघांचं वाक्य शब्दाशब्दाने सारखं आलं की उलट त्याचे कान टवकारतात. तुम्ही रोज रात्री चुकताय, कारण दोन माणसं एका घरात राहून वेगवेगळ्या गोष्टी लक्षात ठेवतात. तसंच असतं.

ऑफिसरला तीन गोष्टी ठरवायच्या असतात. लग्न कायद्याने वैध आहे का, ते संसार करायच्या हेतूने केलेलं आहे का, आणि तुम्ही स्वतः कायमचं वास्तव्य मिळायला पात्र आहात का. लोक मधल्या गोष्टीची तयारी करतात आणि पहिली-तिसरी सोडून देतात. प्रत्यक्षात तुमच्या मुलाखतीचा बराच वेळ आय-४८५ या तुमच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातली पानं एकेक करून तपासण्यात जाणार आहे.

म्हणून पहिलं काम. येत्या शनिवारी चहा घेऊन दोघं बसा आणि आय-१३० (नवऱ्याने तुमच्यासाठी केलेला अर्ज), आय-१३०ए (त्याला जोडलेली तुमची माहिती), आय-४८५ आणि आय-८६४ (नवऱ्याची आर्थिक हमी) या चारही अर्जांच्या तुम्ही पाठवलेल्या प्रती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचा. पत्ते, नोकरीच्या तारखा, आईवडिलांची नावं, आधी कुठल्या व्हिसावर कधी आलात, सगळं. वकिलाने किंवा ओळखीच्या कुणी भरून दिलं असेल तर जास्तच बारकाईने. खाली सही तुमची आहे. चूक सापडली तर घाबरू नका. पानाचा आणि प्रश्नाचा क्रमांक घालून एका कागदावर दुरुस्त्या टाइप करा, आणि शपथ झाल्यावर ऑफिसरला सुरुवातीलाच सांगा की आम्हाला अर्जात या दुरुस्त्या करायच्या आहेत. ऑफिसर त्या नोंदवून घेतात, हे नेहमीचं काम आहे. विचारायच्या आधी सांगितलेली चूक ही चूकच राहते. पकडल्यावर कबूल केलेली चूक संशय होऊन बसते.

आता तारखा. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी इथे वाटते. तुमच्या आणि दोन्ही घरच्यांच्या मनात लग्न म्हणजे फेब्रुवारीतलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली. सप्टेंबरमध्ये टाउन हॉलमध्ये जे झालं त्याला घरात सगळे "नुसती सही" म्हणत असतील. अमेरिकन कायद्याच्या लेखी मात्र तुम्ही सप्टेंबरपासून नवराबायको आहात. "लग्न कधी झालं?" या प्रश्नाला नवरा मनापासून फेब्रुवारी म्हणेल आणि तुम्ही सप्टेंबर म्हणाल, आणि मग पहिल्याच मिनिटाला दोन तारखा. उत्तर एकच ठेवा आणि ते पूर्ण ठेवा: कायदेशीर लग्न सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीत, धार्मिक विधी फेब्रुवारीत नाशिकला. दोन्ही खरं आहे, दोन्ही सांगा. नाशिक महापालिकेत त्या लग्नाची वेगळी नोंदणी केली असेल तर तेही प्रमाणपत्र बरोबर न्या, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आणि न्यू जर्सीचं प्रमाणपत्र म्हणजे रजिस्ट्रारने दिलेली शिक्क्याची प्रमाणित प्रत; विधीच्या दिवशी आठवण म्हणून मिळालेला नक्षीदार कागद चालत नाही.

या दोन तारखांचा आणखी एक परिणाम तुम्ही विचारलेला नाही, पण तुमचं पत्र वाचताना मला आधी तोच दिसला. सप्टेंबर ज्या वर्षातला, त्या वर्षाचं टॅक्स रिटर्न तुम्ही कसं भरलंत? आपल्या किती जोडप्यांनी "खरं लग्न अजून व्हायचंय" म्हणून त्या वर्षी सिंगल असा खूण केलेला रिटर्न भरला आहे, याची मोजदाद करणं मी सोडून दिलं आहे. ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित होता म्हणजे पूर्ण वर्षासाठी विवाहित. एकत्र भरा किंवा विवाहित पण वेगवेगळा भरा, सिंगल मात्र नाही. ऑफिसर टॅक्सची कागदं बघतोच, आणि लग्नानंतरचा सिंगल रिटर्न दिसला की साहजिकच विचारतो, "तेव्हा तुम्ही स्वतःला नवराबायको मानत नव्हता का?" तसं झालं असेल तर या आठवड्यात सीपीएकडे, म्हणजे टॅक्सच्या हिशेबनीसाकडे जा, १०४०-एक्स भरून दुरुस्ती करा, राज्याचं रिटर्नही दुरुस्त करा, आणि पाठवल्याचा पुरावा फाइलला लावा. दुरुस्ती पुरी व्हायला महिने लागतील, पण मुलाखतीच्या आधी तुम्ही होऊन ती केली हे दिसेल. गेल्या वर्षाचं रिटर्न अजून भरलं नसेल तर १५ एप्रिलची वाट न बघता मुलाखतीपूर्वीच भरा. तीच शंका कंपनीतल्या नोंदीबद्दल. आरोग्य विमा, आयुर्विमा, ४०१-के ही निवृत्तीची बचत यांत वारस म्हणून अजून आई किंवा बाबा आहेत का, ते बघून घ्या.

बॉस्टनबद्दल. वेगळं राहणं म्हणजे खोटं लग्न, असं कायदा म्हणत नाही. बार्क विरुद्ध आयएनएस (तेव्हाचं इमिग्रेशन खातं) या १९७५ सालच्या निकालात नवव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने कसोटी सांगितली ती ही की लग्न करताना दोघांचा एकत्र आयुष्य उभारायचा हेतू होता का. नंतर जोडपं वेगळं राहिलं, एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही, आणि परदेशी माणसाचं लग्न नागरिकांच्या लग्नापेक्षा जास्त चाकोरीबद्ध किंवा जास्त यशस्वी असावं अशी मागणी करता येत नाही. हे वाक्य मुलाखतीत म्हणून दाखवायला नको. पण रात्री झोप येत नसेल तेव्हा आठवा.

मुलाखतीत लागतो तो कागद. नवऱ्याच्या कंपनीचं पत्र घ्या, त्यात आठवड्यातून किती दिवस आणि कधीपासून बॉस्टनच्या ऑफिसात काम करणं भाग आहे ते लिहिलेलं असावं. त्याने तिकडे खोली भाड्याने घेतली असेल तर ती लीज स्वतःहून फाइलमध्ये घाला. हॉटेलात राहत असेल तर त्याची बिलं. गुरुवारी रात्री तो घरी येतो याचा पुरावा तुमच्या घरातच पडलेला आहे: अॅमट्रॅक रेल्वेची तिकिटं, विमानाचे बोर्डिंग पास, गाडीने येत असेल तर टोल कापणाऱ्या ई-झेडपासचं स्टेटमेंट. महिन्यामागून महिना दर गुरुवारी रात्री तोच टोल कापला गेलाय, याच्याइतका बोलका कागद मला क्वचित मिळतो. कारण तो कुणाला दाखवण्यासाठी तयार झालेला नसतो.

हीच गोष्ट लीजची. मालकाशी बोलून तुमचं नाव आजच्या तारखेने घालून घ्या, आणि आधीपासून तुम्ही तिथे राहता याचं मालकाचं पत्र घ्या. मागची तारीख टाकून लीज करून घेऊ नका. "फक्त कागद पुरा करायचा" म्हणून हे सुचवणारे आपल्यातच भेटतात. खऱ्या लग्नाच्या फाइलमध्ये घातलेला एक खोटा कागद सगळ्या फाइलवर पाणी फिरवतो. तसंच मुलाखत आली म्हणून पाच आठवड्यांत चार जोडखाती उघडू नका. एक उघडा, तुमचे पगार आणि घरखर्च खरोखर त्यातून जाऊ द्या. आजवर पैसे वेगवेगळे होते तर तसं सांगा, आणि एकमेकांना केलेल्या ट्रान्स्फर दाखवा: भाड्याचा अर्धा वाटा, किराणा, नाशिकच्या हॉलचं बुकिंग. तुमचं बँक स्टेटमेंट, ड्रायव्हिंग लायसन्स, पगाराची स्लिप त्याच पत्त्यावर येते ना? येत असेल तर ते सगळं लीजइतकंच बोलतं. घर बदललं असेल तर १० दिवसांच्या आत पत्ता कळवायचा नियम आहे. राहून गेला असेल तर आज कळवा.

फोटो चारच आहेत, याची लाज वाटू देऊ नका. ठरवून केलेलं लग्न हे या देशात पूर्ण मान्य आहे, आणि ऑफिसरना ते नवीन नसतं. नवीन असतो तो तपशील, आणि तो तुम्ही अर्धवट सांगता. "आमचं अरेंज्ड आहे" एवढं म्हणून गप्प बसू नका. कुणाच्या मार्फत स्थळ आलं, पत्रिका कुणी पाहिली, पहिला व्हिडिओ कॉल कधी झाला, पहिली प्रत्यक्ष भेट कुठे, कोण कोण होतं, कांदेपोहे झाले की इथल्या एखाद्या कॉफी शॉपमध्ये भेटलात, त्यानंतर किती दिवसांनी होकार गेला आणि तो कुणी कुणाला कळवला. ही आपली प्रेमकथाच आहे, फक्त तिच्यात माणसं जास्त आहेत. तशीच ती सांगा.

सप्टेंबरनंतरचे फोटो पंचवीस-तीस पुरेत. एकाच दिवसाचे दोनशे नकोत. साखरपुडा, केळवण, नाशिकचं लग्न, इथल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती, सासूबाई इथे आल्या तेव्हाचा रविवार, बर्फात रुतलेली गाडी. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते इंग्रजीत. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. आपण ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्ट लिहितो, इथला माणूस ते ८ मे वाचतो. एवढ्याशा गोष्टीने साखरपुडा पहिल्या भेटीच्या आधी गेलेला मी पाहिला आहे. व्हॉट्सअॅपचे चारशे पानांचे प्रिंटआउट नेऊ नका. महिन्याची दोन पानं निवडा. त्यात मराठी असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागेल, आणि भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं लिहून सही करावी लागेल. नोटरी लागत नाही. पण हे काम तुम्ही दोघांनी करू नका, दोन्ही भाषा नीट येणाऱ्या तिसऱ्या माणसाकडून करून घ्या. लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मराठीतला जन्मदाखला, सगळ्यांना हाच नियम.

नावाचं प्रकरण आपल्याकडे स्वतंत्रच आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं का? पत्रिकेवर किंवा सासरच्यांच्या प्रतिज्ञापत्रात तुमचं तेच नाव आलंय का? मग पासपोर्टवर एक मुलगी, पत्रिकेवर दुसरी. शिवाय पासपोर्टात मधलं नाव वडिलांचं, कंपनीच्या कागदात मधलं नावच नाही, जन्मदाखल्यात कदाचित नुसतं "मुलगी" आणि नावाचा रकाना कोरा. वापरलेल्या सगळ्या नावांची यादी अर्जात असायला हवी. राहिलं असेल तर दुरुस्तीच्या कागदात घाला. जन्मदाखल्यात नाव नसेल तर नाशिकच्या नोंदणी कार्यालयातून नाव घालून नवीन दाखला काढायला आजच भावाला पाठवा. पाच आठवड्यांत नाही झालं तर शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्या जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं तयार ठेवा. आणि दोन्ही घरच्या आईवडिलांच्या जन्मतारखा बघून ठेवा. शाळेत १ जून लावलेले आपल्याकडे घरटी एक तरी असतात. घरी वाढदिवस दसऱ्याला आणि कागदावर १ जून, तर अर्जातली तारीख सांगा आणि विचारलं तर कारणही सांगा.

आता अर्जातले ते लांबलचक हो-नाहीचे प्रश्न. सगळ्यांना डोळे झाकून "नाही" अशी खूण करायची पद्धत पडली आहे. तुमच्यासाठी त्यातले काही थांबून वाचा. तुम्ही कधी कुठल्या संस्थेच्या, संघटनेच्या, क्लबच्या सदस्य होतात का? महाराष्ट्र मंडळ, कॉलेजची विद्यार्थी संघटना, ट्रेकिंगचा ग्रुप हे सगळं इथे येतं. कधी शस्त्र चालवण्याचं किंवा लष्करी स्वरूपाचं प्रशिक्षण घेतलं का? एनसीसीत रायफल हातात घेतली असेल तर उत्तर "हो" आहे, आणि त्याने काही बिघडत नाही. कधी अटक किंवा समन्स? खटला रद्द झाला असला तरी "हो", आणि कोर्टाचा प्रमाणित कागद बरोबर. कधी परवानगीशिवाय काम केलं? नागरिकाच्या जोडीदाराला, रीतसर तपासणी होऊन देशात आलेला असेल तर, असं काम किंवा संपलेला मुक्काम कायदा बऱ्याच अंशी माफ करतो. शपथेवर बोललेलं खोटं माफ करत नाही. आणि मतदार यादीत नाव? लायसन्स काढताना कुणी पुढे केलेल्या फॉर्मवर नकळत सही करून नागरिक नसलेली माणसं मतदार झाली आहेत. असं काहीही असेल तर मुलाखतीला जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

वकिलाचं विचारलं नाहीत, तरी सांगते. जे लिहिलंत तेवढंच असेल, तर वकिलाशिवाय जाऊ शकता. अटक, व्हिसाची मुदत उलटून राहणं, जुना हद्दपारीचा आदेश, आधीच्या लग्नातून केलेला अर्ज, पूर्वी कुठल्याही व्हिसा अर्जात दिलेली चुकीची माहिती, यांपैकी काहीही असेल तर एकटीने जाऊ नका. सध्याच्या काळात तर मुळीच नको.

प्रत्यक्ष दिवस. दोघांनी यायचं, ओळखपत्रं आणि मूळ कागद घेऊन: पासपोर्ट जुने-नवे, आय-९४ (देशात आल्याची नोंद), लग्नाचं आणि जन्माचं प्रमाणपत्र, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, ताज्या पगाराच्या स्लिपा, तीन वर्षांची टॅक्सची कागदं. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ हा २ डिसेंबर २०२४ पासून अर्जाबरोबरच द्यावा लागतो, म्हणजे तुमचा गेलेला असणार. त्याची प्रत ठेवा. उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ होईल. मग उत्तर तोंडाने द्या. आपण मान डोलावतो, आणि आपलं डोलावणं हो की नाही हे इथल्या माणसाला कळत नाही; मुलाखतीचा नुसता आवाज रेकॉर्ड होत असेल तर ते दिसणारही नाही. ज्याला प्रश्न विचारला त्याने बोलावं. बायकोला विचारलं की नवऱ्याने उत्तर देणं ही आपल्याकडची सवय तिथे फार वाईट दिसते, त्याला आजपासून सांगून ठेवा. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. इंग्रजीत अडत असाल तर दुभाषा नेता येतो, तो तुमचा नवरा नसावा. आपापसात मराठीत कुजबुजू नका. आणि माहीत नसेल तर "माहीत नाही" किंवा "आठवत नाही" म्हणा. अंदाजाने दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या खऱ्या उत्तराशी भांडतं.

दोघांना वेगवेगळं बसवलं तर हातपाय गाळू नका. या प्रकाराला वकील "स्टोक्स" म्हणतात, न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातल्या त्या नावाच्या खटल्यावरून. तिथे सकाळी कोण आधी उठलं, काल रात्री काय जेवलात, घरात पाहुणे कोण आहेत असे प्रश्न येतात. उत्तरांत फरक आला तर कारण सांगायची संधी मागा. "तो जेवायला आला तेव्हा मी आधीच खिचडी खाल्ली होती" हे कारण पुरेसं असतं. बॉस्टनमुळे तुमच्यात असे फरक येणार. आठवडाभरात दोघांची दिनचर्या कशी चालते, फोन कधी होतो, शनिवारी भाजी कोण आणतं, हे एकदा बोलून घ्या. पाठ करायला नव्हे. त्याच्या चार दिवसांबद्दल तुम्हाला काय माहीत नाही ते कळावं म्हणून.

हे उत्तर आणखी कुणी वाचत असेल, जिचा नवरा "अर्ज मागे घेईन, परत पाठवीन" म्हणून धमकावतो, हात उचलतो, तर तिच्यासाठी: १९९४ सालच्या कायद्याने तुम्हाला त्याच्या सहीशिवाय, त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करता येतो, आय-३६०. तो पुरुषांनाही लागू आहे. मुलाखतीला हसतमुखाने बसण्याआधी वकिलाशी एकांतात बोला.

ताई, निकाल त्याच दिवशी मिळाला नाही तर त्यातून काही अर्थ काढू नका. बऱ्याचदा कागद मागणारं पत्र येतं, त्यात लिहिलेल्या मुदतीत एकदाच आणि सगळं पाठवायचं. तोवर एच-१बी चालू ठेवा. मंजूर झालं तर कार्ड हातात आल्यावर त्यावरची तारीख बघा. मंजुरीच्या दिवशी सप्टेंबरच्या लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचं, सशर्त येईल. त्याची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अट काढून घेण्याचा अर्ज, आय-७५१, भरायचा. ती तारीख दोघांच्या फोनमध्ये टाका, आणि आता बनवताय ती फाइल माळ्यावर टाकू नका. ई-झेडपासचं स्टेटमेंट दर महिन्याला त्यात जाऊ द्या.